बोटवाली टीचर

वसईच्या उमेळ्यात डेल्फिनला सगळे 'बोटवाली टीचर' म्हणत. शिकवायची ती चर्चच्या बालवाडीत, चिमण्या-कावळ्यांची गाणी आणि एक ते वीस अंक. तिचा स्वतःचा समुद्रप्रवास विचाराल तर एकदा मुंबईच्या गोदीत नवऱ्याच्या बोटीवर दोन तास जाऊन चहा पिऊन आली होती, एवढाच. पण तिचा नवरा निकोलस मालवाहू बोटीवर चीफ कुक होता, आणि चौदा वर्षांच्या संसारात तिने बोटीबद्दल जे जे कानावर पडेल ते ते साठवून ठेवलं होतं. गावातल्या कुणाचा मुलगा, जावई, भाऊ बोटीवर लागला की घरची माणसं आधी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आणि मग डेल्फिनच्या ओट्यावर येऊन बसायची.

ती मनापासून सांगायची, हे खरं. पत्रावर पत्ता कसा घालायचा: आधी माणसाचं नाव आणि हुद्दा, मग कॅप्टनच्या नावे, मग बोटीचं नाव आणि शेवटी पुढच्या बंदरातल्या एजंटचा पत्ता. नाहीतर पत्र त्या बंदरात पोचतं तेव्हा बोट तिसऱ्याच खंडात असते. बोटीवरून फोन आला की एक वाक्य बोलून थांबायचं, आवाज आकाशातून फिरून येतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नऊ महिने नव्हेत. बदली माणूस आल्याशिवाय कंपनी सोडत नाही, म्हणून लग्न, बाप्तिस्मा, घरभरणी, कशाचीही तारीख त्याच्या येण्यावर धरायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोट समुद्रात असताना घरातलं वाईट कळवायचं नाही. तिथून तो येऊ शकत नाही, नुसता झुरतो. बोट बंदराला लागली की मगच सांगायचं. सासरे वारले तेव्हा डेल्फिनने अकरा दिवस ही बातमी पोटात ठेवली होती. मध्ये निकोलसचा फोन आला होता, तेव्हा ती 'सगळे मजेत' म्हणाली होती. सासू इनेझ शेजारीच काळ्या साडीत बसलेली होती.

एकच खोड होती. समोरच्याचा प्रश्न पुरा ऐकून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुणी नुसतं 'बोट' म्हणावं, की ही बंदरात पोचलेली असायची. गावाने ते चालवून घेतलं होतं. ज्याला माहीत असतं त्याला घाई असायचीच.

नव्याने आलेली स्वप्नाही अशीच एकदा येऊन बसली. वाडी तोडून जी बिल्डिंग झाली होती तिच्यात तिचं कुटुंब राहायला आलं होतं, मूळचे रत्नागिरीकडचे लोक. तिचा नवरा परेश खराखुरा नेव्हीत होता, आणि क्वार्टर मिळेपर्यंत स्वप्ना सासू-सासऱ्यांबरोबर होती. 'खराखुरा' म्हणायचं कारण असं, की वसईत बोटीवर भांडी घासणाऱ्यालाही स्थळ सांगताना मुलगा नेव्हीत आहे असंच सांगतात. स्वप्नाने विचारलं, की ते सध्या कुठे आहेत हे कसं कळेल. डेल्फिनने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, नेव्हीच्या बायकोने हे विचारायचंच नसतं आणि त्यानेही सांगायचं नसतं. जहाज निघालं एवढं कळलं तरी पुष्कळ. आमचं मर्चंट नेव्हीचं, मालवाहू बोटींचं बरं, मला आत्ता माझा निकोलस कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येईल. मग खरोखरच भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर तिने बोट ठेवलं. स्वप्ना भारावून घरी गेली.

डेल्फिनला तेव्हा अभिमान वाटला का? वाटला असावा. पण तो अभिमान सोडला तर तिच्या आत फारसं काही उरलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा निकोलस गेला तेव्हा ती पंधरा दिवस रडली होती. दुसऱ्या वेळी तीन. पाचव्या-सहाव्या खेपेला त्याची बॅग टॅक्सीत ठेवून ती परत आली आणि कुकर लावायला गेली. चौदा वर्षांत एका छताखाली काढलेले दिवस एकत्र केले तर साडेतीन वर्षं भरत होती. मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं बोललीही नाहीत, कारण तो घरी असायचा ते दोन-तीन महिने पाहुण्यांत आणि छपराच्या डागडुजीत निघून जायचे. घरात ती आणि इनेझ, दोन बायका. सासू-सुनेत भांडण नव्हतं आणि गप्पाही नव्हत्या. इनेझ राजोडीची, शेतकऱ्याघरची. तिला बोटीतलं काडीचं कळत नसे. बोटीचं नाव उच्चारायला इतकं अवघड, की ती तिला सरळ 'निकूची बोट' म्हणायची. दर शनिवारी दफनभूमीत जाऊन ती नवऱ्याची कबर झाडून, फुलं ठेवून यायची. तेवढी एकच गोष्ट ती कुणालाही न विचारता करायची.

शहाण्णव सालच्या ऑगस्टच्या शेवटी निकोलसचा ब्राझीलच्या सँटोस बंदरातून फोन आला. साखर भरली, आता थेट चीन, मध्ये कुठे थांबणं नाही, अडतीस-चाळीस दिवस लागतील, असं तो म्हणाला. डेल्फिनने कॅलेंडरवर खूण केली. इनेझला म्हणाली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन येईल. इनेझने मान हलवली.

आठ सप्टेंबरचा मदर मेरीचा सण होऊन चार दिवस झाले होते. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन. इनेझ जमिनीवर सूप घेऊन जवळा निवडत होती. फोन वाजला. कंपनीच्या मुंबई ऑफिसातून बोलणारा माणूस आवाजावरून तरुण वाटत होता, आणि असला फोन तो पहिल्यांदाच करत असावा. दोनदा सॉरी म्हणून त्याने सांगितलं, की निकोलस सकाळी गॅलीत, बोटीच्या स्वयंपाकघरात, नाश्त्याचं करता करता कोसळला, छातीत कळ आली होती, अर्ध्या तासात गेला.

डेल्फिनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिला काही वाटलं नाही. आणि काही वाटलं नाही याची मात्र तिला भीती वाटली.

"मॅडम, कॅप्टनने एक विचारायला सांगितलंय," तो म्हणाला. "बॉडीचं. बोट सध्या..."

"बोट कुठे आहे ते मला माहीत आहे," डेल्फिन म्हणाली. "बंदर यायला अजून वीस दिवस आहेत. त्याला कोल्ड रूममध्ये ठेवू नका. समुद्रातच करा."

 तो म्हणाला, की नक्की ना मॅडम, तर मग तसं सही करून फॅक्स करा, कॅप्टन थांबलेत. पुढे त्याने काही सांगितलं नाही. इतक्या अवघड कामातून आपण सुटलो, याचंच त्याला हायसं वाटलं असणार.

ती असं का म्हणाली, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी निकोलसच्या बोटीवर एक फिटर वारला होता. बंदर सोळा दिवस लांब होतं, म्हणून त्याला भाजीच्या थंड खोलीत ठेवला होता. पोरांनी त्या खोलीतलं काही खायचं सोडलं, तिच्या दारावरून जायचं सोडलं. पण कुकला सुटका कुठली? निकोलस रोज दोनदा आत जायचा, कोबी-बटाटे काढायचा आणि येताना क्रूस करायचा. घरी आल्यावर हे सांगताना तो म्हणाला होता, असं कुणाचं होऊ नये. डेल्फिनने ते लक्षात ठेवलं होतं. नवऱ्याची म्हणून तिच्यापाशी जी थोडीफार वाक्यं होती, त्यातलं ते एक.

फोन ठेवल्यावर इनेझने विचारलं, कोण होतं. डेल्फिन म्हणाली, ऑफिस. मग तिने साडी बदलली, कागदावर वळणदार इंग्रजीत संमती लिहिली, सही केली आणि रिक्षाने स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे फॅक्सचं मशीन होतं. कागद आत गेला, तसाच खालून बाहेर आला. दुकानदाराने पोच म्हणून एक चिठ्ठी फाडून दिली. येताना तिने पाव घेतले, कारण घरात पाव नव्हते. रस्त्यात बालवाडीतल्या एका मुलाच्या आईने हाक मारली, तिच्याशीही ती नेहमीसारखी बोलली.

संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची, अँजेलसची घंटा झाल्यावर तिने इनेझला समोर बसवून सांगितलं.  इनेझने एवढंच विचारलं, की त्याला कधी आणणार. डेल्फिनने समजावलं. बंदर किती लांब, थंड खोली म्हणजे काय, बोटीवरची रीत काय. बालवाडीत समजावतात तशा शांत, सोप्या भाषेत समजावलं. आणणार नाहीत, आय, असं दोनदा सांगितलं. इनेझ उठली, आतल्या खोलीत गेली आणि जपमाळ घेऊन बसली. त्या दोघींत या विषयावर त्यानंतर बोलणं झालं नाही.

गावाने व्हायचं ते सगळं केलं. चर्चमध्ये शवपेटीशिवाय मिस्सा झाली, पेटीच्या जागी निकोलसचा पासपोर्टवरून मोठा केलेला फोटो. फोटोत तो हसत नव्हता, पासपोर्टात कोण हसतं? लोक म्हणाले, टीचरने किती धीराने घेतलं. काही जण कुजबुजले, की विमानाने आणता आलं असतं. त्यांना डेल्फिननेच बोटीचा हिशोब समजावला. चीन, चाळीस दिवस, वीस उरलेले.  बोलणारे वरमून घरी गेले. वडिलांच्या कबरीच्या दगडावर निकोलसचं नाव घालायचं का, असं फादरनी विचारलं, तेव्हा इनेझ नको म्हणाली. त्यात तो नाही, म्हणाली.

दहाव्या दिवशी डेल्फिन बालवाडीत परत गेली. मुलांनी गाणं म्हटलं, तिने टाळ्या वाजवून ताल धरला. तिला भूक लागत होती, झोप येत होती. आपला नवरा गेला आहे हे तिला माहीत होतं, पण तो तसा नेहमीच गेलेला असायचा. आता फरक काय, हे तिला शोधूनही सापडेना. रडू येईना म्हणून ती एकदा मुद्दाम त्याचं कपाट उघडून उभी राहिली. शर्टांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. तिने कपाट बंद केलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनने लिफाफा आणला. कॅप्टनचं पत्र होतं, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं. इनेझ समोर येऊन बसली आणि डेल्फिन एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. तेरा सप्टेंबरला सकाळी दहा वाजता बोटीचं इंजिन बारा मिनिटं बंद केलं. झेंडा अर्ध्यावर आणला. ड्यूटीवरची माणसं सोडून सगळा क्रू धुतलेल्या कपड्यांत डेकवर उभा होता. बोसनने, खलाशांच्या मुकादमाने, स्वतः त्याच्याभोवती कॅनव्हास शिवला, पायाशी लोखंड घातलं. क्रूमध्ये ख्रिस्ती कुणी उरलं नव्हतं, म्हणून प्रार्थना कॅप्टनने वाचली, पुस्तकातली, सगळी. निकोलसच्या हाताखालच्या पोराने त्या दिवशी त्याच्याच पद्धतीची आमटी केली आणि सगळे जेवले. ठिकाण लॉगबुकात लिहून ठेवलं आहे, अठ्ठावीस अंश दक्षिण, अठ्ठेचाळीस अंश पूर्व.

शेवटचा परिच्छेद तिने मनात वाचला. आफ्रिकेचं टोक, केप, ओलांडल्यावर कंपनीची ऑर्डर आली, असं कॅप्टनने लिहिलं होतं. तेल भरायला मॉरिशसला लागायचं होतं. पंधरा तारखेच्या संध्याकाळी बोट पोर्ट लुईला पोचली. निकोलसला तिथे उतरवून विमानाने घरी पाठवावं, असं मी ऑफिसला कळवलं होतं, तिथल्या एजंटने पेटीची चौकशीसुद्धा केली होती. पण त्याला समुद्रातच निरोप द्यावा ही आपली इच्छा समजली, आणि आम्ही तिचा मान राखला. हे पत्र इथूनच टाकतो आहे.

लिफाफ्यावर मॉरिशसचं तिकीट होतं. तिने ते आधी पाहिलंच नव्हतं.

"आनि?" इनेझने विचारलं.

"एवढंच," डेल्फिन म्हणाली.

तेरा तारखेचे सकाळचे दहा ते पंधराची संध्याकाळ. दोन दिवस आणि आठ तास. हे गणित तिने त्या दिवशी किती वेळा केलं कोण जाणे. भाजी चिरताना केलं, अंगण झाडताना केलं, मुलांकडून अंक म्हणून घेताना केलं. उत्तर बदलत नव्हतं. ऑर्डर बदलते, बोट वळते, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? स्वतः तीच चार बायकांना सांगायची, की बोटीचा भरवसा पाण्यावरच्या रेघेइतका. आणि त्या दिवशी एक माणूस 'बोट सध्या' एवढं म्हणाला होता. पुढचे चार शब्द ऐकले असते तर निकोलस आठवड्याभरात उमेळ्यात आला असता. आपण त्याला फेकून दिला, असं एकदा तिच्या मनात आलं. ते वाक्यही तिला लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. पत्र तिने बायबलमध्ये ठेवलं. तिथे इनेझचा हात रोज लागायचा, पण इनेझला इंग्रजी येत नव्हतं.

मध्यंतरी स्वप्ना भेटायला आली. सांत्वनाचं बोलून झाल्यावर तिने बिचकत विचारलं, की परेशचं जहाज बाहेर गेलंय, सासूबाई आजारी आहेत, त्याला कळवू की नको. डेल्फिन म्हणाली, मला माहीत नाही. स्वप्नाला वाटलं, टीचरचं लक्ष नाही. तिने पुन्हा विचारलं. डेल्फिन पुन्हा तेच म्हणाली. ती कधीही गप्प बसत नाही अशी ख्याती असलेली बाई अशी बसलेली बघून स्वप्ना घाबरली आणि चहा अर्धा टाकून निघून गेली.

दोन नोव्हेंबर आला, मृतांचा दिवस. दुपारपासूनच माणसं बादल्या, झाडू, फुलांच्या टोपल्या घेऊन दफनभूमीत जमली होती. ज्याचा त्याचा कोपरा, ज्याची त्याची कबर. शेजारी कुणी आपल्या आईच्या दगडाला चुना लावत होतं, कुणी मुलाच्या क्रूसाला हार घालत होतं. डेल्फिनने बादली आणली. इनेझने नवऱ्याच्या कबरीवरची माती सारखी केली, शेवंतीची फुलं मांडली, मेणबत्त्या रोवल्या.  उरलेल्या चार मेणबत्त्या हातात घेऊन ती उभी राहिली. त्या कुठे लावायच्या, हे तिला कळत नव्हतं. त्या तिने निकोलससाठी आणल्या होत्या.

मग डेल्फिनकडे न बघता तिने विचारलं, "निकूला सोडला, तवा जमीन किती लांब होती?"

वीस दिवस, असं म्हणता आलं असतं. गावात पन्नास जणांना ते सांगून झालं होतं आणि गावाने ते मानलंही होतं.

"दोन दिवस, आय," डेल्फिन म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मॉरिशसचं, तेलाचं, एजंटने विचारलेल्या पेटीचं. ऑफिसचा माणूस सांगायला लागला होता आणि आपण त्याला थांबवलं, तेही सांगितलं. सांगून झाल्यावर ती ओरडण्याची वाट बघत उभी राहिली. इनेझने ओरडावं, मारावं, चारचौघांत शिव्या द्याव्यात, असं तिला मनापासून वाटत होतं. निदान काहीतरी मनाला लागलं असतं.

इनेझ ओरडली नाही. तिने मेणबत्त्यांना चिकटलेला कागद नखाने खरवडून काढला.

"फोन आला तवा मी घरानच होते," ती म्हणाली. "तू मना सांगितला नाय. कागद धाडून आलीस, मग सांगितला."

"तुला बोटीतलं काय कळणार, असं वाटलं मला."

"नाय कलत," इनेझ म्हणाली. "म्हनून मी पयला हेच इचारला असता, की बोट आता कुठं हाय."